लाभाचा रॉड

पुनाभाऊंबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. मी कुंदा. धुळ्याला देवपुरात आमचं ऑफिस होतं, जमिनीखालचं पाणी शोधणारं. नाव कशाला घ्यायचं, ऑफिसं सगळीकडे सारखीच. तिथं मी नकाशे काढायची. गावोगावी बोअर मारल्या की कुठल्या खोलीवर मुरूम लागला, कुठं काळा दगड, कुठं पाणी, ते कागदावर रंगवून दाखवायचं हे माझं काम. माहेर मुक्ताईनगरकडचं, केळीच्या बागांतलं. आमच्याकडे हळू आवाजात कुणी बोलत नाही, त्यामुळे ऑफिसात मला सगळे थोडे वचकूनच असायचे.

माझ्या शेजारच्या टेबलावर पुना कौतिक बसायचे. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं वाळलेले, पांढरी टोपी, आणि कानानं अर्धे बहिरे. पंधरा-वीस वर्षं ते बोअरच्या गाडीवर होते. कंप्रेसरच्या धडधडीत उभं राहून राहून कान गेले, म्हणून शेवटी त्यांना ऑफिसात आणून बसवलं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. माझं आणि त्यांचं चांगलं जमलं ते त्यामुळेच असेल.

गाडीवर त्यांचं काम रॉड मोजायचं. बोअर मारताना लोखंडाचे वीस-वीस फुटांचे रॉड एकाला एक जोडत खाली सोडतात. एक रॉड खाली गेला की भोकातून जो भुसा वर येतो तो बघायचा, आणि त्या रॉडपुढे लिहायचं: मुरूम, काळा दगड, लाल माती, कोरडं, ओलं. जितके रॉड तितकी खोली. याला आमच्याकडे बोअरची नोंद म्हणतात. पुनाभाऊंच्या नोंदीत एक गंमत असायची. पहिल्या रॉडपुढे ते एक लिहीत नसत. लाभ लिहीत. लाभ, दोन, तीन, चार, असं.

आता यात खानदेशातल्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणतं का? लाभ म्हणतात. पुनाभाऊंचे वडील कौतिकआबा साक्रीच्या बाजारात मापाडी होते, उभा जन्म त्यांनी लोकांची ज्वारी-बाजरी मापली. त्या घरात पोरं पाळण्यातच लाभ, दोन, तीन शिकलेली. गाडीवर आल्यावर पुनाभाऊंनी तेच चालू केलं, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या साक्रीकडच्या सगळ्या टोळ्यांनी तेच उचललं. मी एकदा त्यांना म्हटलं, "पुनाभाऊ, सरकारी कागदावर हे काय देवाधर्माचं?"

ते हसले. "कुंदाबाई, पहिला मापले एक म्हनानं नही. एक म्हनी दिन्हं का तो एकटाच ऱ्हास. लाभ म्हनं का मांगे बठ्ठा येतस."

म्हणजे एक म्हटलं की तो एकटाच राहतो, लाभ म्हटलं की मागून सगळे येतात. मी त्यावर पुन्हा कधी बोट ठेवलं नाही.

नव्वदच्या सुमाराला ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. त्याला स्वतंत्र खोली, पंखा, दाराबाहेर चपला काढायच्या. देवघराला नसेल एवढं सोवळं. रतिलाल नावाचा ऑपरेटर होता, नंदुरबारकडचा, शांत माणूस. सगळ्या जुन्या नोंदी त्यात भरायच्या ठरल्या. टोळ्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते पुनाभाऊंशिवाय कुणाला लागेना. म्हणून ते वाचणार आणि रतिलाल टाइप करणार, अशी जोडी बसवली. तेव्हाच्या डेटाबेसमध्ये एका रॉडची एक ओळ. पहिल्या रकान्यात रॉडचा आकडा, पुढे दगडमाती, पुढे पाणी. रतिलालनं पहिल्या रकान्यात एक टाइप केला तर पुनाभाऊ म्हणाले, कागदावर काय आहे? लाभ आहे. मग लाभच टाक. रतिलालनं तो रकाना असा करून घेतला की त्यात आकडाही चालेल आणि अक्षरंही, आणि इंग्रजी अक्षरांत लाभ टाइप करत सुटला. साहेबांनी बघितलं, हसले, आणि राहू द्या म्हणाले. लाभ म्हणजे एक, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पाच वर्षं त्यात कुणाला काही अडचण आली नाही.

मग पंच्याण्णव साल संपता संपता वरून हुकूम आला. सगळ्या जिल्ह्यांनी जुना डेटाबेस सोडायचा, एकच नवं सॉफ्टवेअर वापरायचं. पुण्याहून एक इंजिनिअर दोन दिवस येऊन गेले. पोरगा भला होता, खोटं का बोला. त्यानं जुन्या फ्लॉप्यांवरची माहिती नव्यात ओतायला एक प्रोग्राम लिहून आणला होता. नव्या सॉफ्टवेअरला रॉडबिड कळत नव्हतं, त्याला खोली लागायची: इतक्या फुटांपासून इतक्या फुटांपर्यंत अमुक दगड. म्हणून तो प्रोग्राम जुन्या ओळी एकाखाली एक रचायचा आणि खोली आपली आपण काढायचा. आणि ज्या ओळीत आकड्याच्या जागी आकडा नसेल ती ओळ शीर्षक समजून गाळायची, असा त्याला नियम घातलेला.

आता कळलं ना काय झालं ते? आम्हाला तेव्हा कळलं नाही. बोअरींची संख्या जुळवली, बरोबर भरली. नमुन्याला चार-सहा बोअरी उघडून तपासल्या, त्या नेमक्या शिरपूरकडच्या निघाल्या. तिकडच्या टोळ्या साधा एक लिहायच्या. सगळं चोख. साहेबांनी 'तपासले, बरोबर आहे' म्हणून सही करून वर पाठवून दिलं. साक्रीकडच्या प्रत्येक बोअरीचा पहिला रॉड गळाला होता, आणि सबंध बोअर वीस फुटांनी उथळ होऊन बसली होती. दोन-अडीचशे बोअरी असतील. आणि आम्ही बावळट पेढे खाऊन मोकळे झालो.

पुनाभाऊंची धाकटी बहीण ताईबाई. तिला खैरपाड्याला दिलेली, साक्रीच्या पश्चिमेला डोंगरालगत. तीस-चाळीस घरांचं गाव, खाली ओढा, तो होळीनंतर आटतो. शहाऐंशी साली तिथं बोअर मारायला गाडी गेली होती ती पुनाभाऊंचीच. मंजुरी सहा रॉडची होती. सहा झाले तरी भोकातून नुसता कोरडा भुसा. टोळीनं सामान आवरायला घेतलं. तेव्हा ही बाई डोक्यावरचा हंडा गाडीच्या चाकापुढे ठेवून उभी राहिली. "भाऊ, तुन्ही गाडी आठून हालनार नही. आखो एक रॉड टाक." पुनाभाऊंनी गाडीवाल्याच्या हातापाया पडून मंजुरीबाहेरचा सातवा रॉड सोडायला लावला, आणि त्या सातव्यात पाणी लागलं. ही गोष्ट पुनाभाऊ कधी सांगत नसत. ताईबाईनं मात्र सगळ्या तालुक्याला सांगितली होती. गावात तिचा मान वाढला. मना भाऊनी पानी लयनं, म्हणत ती दहा वर्षं हापशावर ताठ मानेनं उभी राहिली.

शहाण्णवच्या उन्हाळ्याआधी पाणी फार खाली गेलं. कुठल्या हापशाचा पाइप खाली वाढवायचा आणि कुठला हापसा उपटून दुसऱ्या गावाला द्यायचा, याची यादी नव्या सॉफ्टवेअरनं काढून दिली. खैरपाड्याची बोअर यादीत सहा रॉडची, मंजुरीही सहाचीच. पाणी तळाला गेलेलं, खाली जागा नाही. शेरा पडला: कायमची कोरडी, हापसा काढावा, भोक बुजवावं. मंजुरीशी आकडा जुळत होता, मग शंका तरी कोण घेणार?

होळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारी मी नकाशावर रंग भरत होते. दारातून ताईबाई आत आली. सगळा पदर धुळीनं माखलेला, चेहरा उन्हानं काळाठिक्कर. तिनं इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही, सरळ भावाच्या टेबलापुढं उभी राहिली आणि भाऊ बहिरा म्हणून सगळं ऑफिस ऐकेल अशी ओरडली.

"तुना ऑफिसवाला उनात नि हापसा उपटी लयी ग्यात! म्हनतस पानी सरनं. आते भोकमा धोंडा भरनार शेतस!"

पुनाभाऊ उठून उभे राहिले. "सरनं कसं? खाल रॉडभर पानी शे."

"मंग त्यासले सांग ना! माले काय सांगस?"

तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पाण्याचा तांब्या हातात धरून ती रडायला लागली. गावातल्या बाया पहाटे उठून ओढ्याच्या वाळूत खड्डा करायच्या, वाटीवाटीनं पाणी भरायच्या. तिची सून पोटुशी, तीही त्यात. बुजवणारी टोळी अजून आली नव्हती, पण येणार होती. एकदा दगडगोटे आणि माती भरली की ती बोअर मेली. परत उघडता येत नाही.

ताईबाईला एस. टी.त बसवून पुनाभाऊ परत आले आणि मला म्हणाले, यादी दाखवा. मी यादी काढली. सहा. त्यांनी कपाटातून मूळ कागद काढला. सात ओळी. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. रतिलालनं कॉम्प्युटरवर नव्या सॉफ्टवेअरमधली तीच बोअर उघडली. पहिला थर काळा दगड. अरे, खैरपाड्याला वर मुरूम आहे, काळा दगड दुसऱ्या रॉडला लागतो! मुरमाची ओळच नाही. रतिलालनं दुसरी बोअर उघडली, तिसरी उघडली. सगळ्या बोअरींचं डोकं उडवलेलं. मग त्याला तो नियम आठवला आणि तो कपाळाला हात लावून बसला.

"लाभ गाळला त्यानं," रतिलाल म्हणाला. "आकडा नाही म्हणून."

पुनाभाऊंना ऐकू गेलं नाही. मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि टोपी काढून हातात धरली. मला त्या इंजिनिअरचा राग आला, साहेबांचा आला, कॉम्प्युटरचा आला. पुनाभाऊंना कुणाचाच आलेला दिसला नाही.

आम्ही तिघं साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नव्हते, हेही सांगते. त्यांना पाच मिनिटांत सगळं कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना चूक झाली असं मी लिहिलं, तर ते वर जाणार. मी बरोबर आहे म्हणून सही केलेली आहे. चौकशी लागेल, समिती येईल, पुण्याच्या लोकांना बोलावतील. तोवर यादीला हात लावता येणार नाही. पावसाळा उजाडेल."

"आणि भोक?" मी विचारलं.

"यादीप्रमाणे बुजवलं जाईल. ते काम माझ्या हातात नाही, दुसऱ्या खात्याचं आहे."

मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "एक रस्ता आहे. मूळ नोंदच चुकलेली असेल, तर ती दुरुस्त करायचा अधिकार माझा आहे. एका दिवसात होतं. मूळ नोंद दुरुस्त, फ्लॉपी दुरुस्त, माहिती पुन्हा ओतायची, यादी बदलायची. फक्त नोंद करणाऱ्यानं लिहून द्यावं लागेल की पहिल्या रॉडचा आकडा लिहायचा माझ्याकडून राहिला."

मी साहेबांच्या अंगावर धावले नाही एवढंच. "वा साहेब! चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्या माणसानं एकही रॉड कधी चुकवला नाही त्यानं लिहून द्यायचं, मी चुकलो? रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय त्यांचं. सर्व्हिसबुकात शेरा पडेल. जन्मभर मोजलं त्याचं हे फळ?"

"पडेल," साहेब म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. माझी सही वाचते आणि त्यांचं नाव जातं, हे मलाही दिसतंय, बाई." त्यांना लाज वाटत होती, ती दिसत होती. पण लाज वाटून कुणाचं पोट भरतं का?

पुनाभाऊंना यातलं अर्धंच ऐकू आलेलं. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन सगळं ओरडून सांगितलं आणि वर म्हटलं, "लिहून देऊ नका. चौकशी होऊ द्या. दूध का दूध, पानी का पानी होईल."

"कवय व्हई?"

"पावसाळ्यात."

"नि भोक?"

"तोवर बुजवलेलं असेल."

"भोक बुजाई गयं, तं मना खरानं काय लोनचं घालू?" ते म्हणाले. "नि लाभ तं मीच लिखा ना, कुंदाबाई. आकडा लिखा नही, हाई बी खरंच शे."

"लाभ म्हणजेच एक, पुनाभाऊ!"

"तुले माले ठाऊक शे. त्या यंत्रले कोन सांगी?"

त्यांनी साहेबांच्या टेबलावर उभ्यानं लिहून दिलं. पहिल्या रॉडचा आकडा लिहिण्याचे माझ्याकडून राहिले, ही माझी चूक आहे, पुना कौतिक. अक्षर मापाड्याच्या पोराचं, मोठं आणि सुटं.  

दुसऱ्या दिवशी सकाळी रतिलालनं जुना डेटाबेस उघडला आणि पुनाभाऊ शेजारी बसले. रतिलाल म्हणाला, "भाऊ, एक हुकूम दिला की सगळीकडचा लाभ एका झटक्यात बदलून एक होईल. तुम्हाला बसायची गरज नाही." पुनाभाऊ म्हणाले, नाही, एक एक गाव काढ. खरं तर त्याला काही अर्थ नव्हता. पण रतिलालनं ऐकलं. तो गाव उघडायचा, पुनाभाऊ गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचे, आणि लाभाच्या जागी एक पडायचा. नाव घेताना कधी म्हणायचे, आठे पाटीलनी आम्हाले वांगानं भरीत खावाडं. कधी म्हणायचे, आठे पानी लागनं नही, म्हाताऱ्या बाया रडन्यात. जेवायला उठले नाहीत. चहा थंड झाला. मी माझ्या टेबलावरून बघत होते. उभं आयुष्य डोळ्यांपुढून जावं तसं ते चाललं होतं, आणि प्रत्येक गावाला त्यातलं काहीतरी पुसलं जात होतं. मला रडू येत होतं आणि रंग कागदावर पसरत होता. संध्याकाळी माहिती पुन्हा नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. खैरपाडा: सात रॉड, वर मुरूम, तळाशी पाणी.

यादी बदलली. भोक बुजवायची टोळी खैरपाड्याच्या अलीकडच्या गावापर्यंत पोचली होती, तिथून परत फिरवली. हापसा परत बसवला, पाइप एका रॉडनं खाली सोडला, आणि पाणी आलं. ओंजळभर नाही, चांगला हंडा भरेल असं आलं. ही बातमी आली त्या दिवशी पुनाभाऊंनी सगळ्या ऑफिसला शेव-मुरमुरे खायला घातले.

पण सरकारी कागद एका जागी थांबतो होय? हापसा काढायचा हुकूम रद्द करायचा म्हणजे कारण द्यायला हवं. कारण दिलं गेलं: संबंधित कर्मचारी श्री. पुना कौतिक यांच्या मूळ नोंदीतील चुकीमुळे. त्याची प्रत ग्रामपंचायतीला. तिथं ती चावडीवर वाचली गेली. झालं! आतापर्यंत ताईबाईच्या भावानं पाणी आणलं म्हणणारं गाव एका दिवसात उलटलं. महिनाभर वाळू उपसलेल्या बाया त्या, त्यांना तरी काय बोलणार? हापशावर ताईबाई गेली की म्हणायच्या, तुना भाऊनी दिन्हं नि तुना भाऊनीच लिन्हं. तिच्या सुनेला वाळूतल्या त्या ओणव्या कामानं दिवस भरण्याआधीच कळा येऊन पोर दगावलं होतं. हे आम्हाला तिथं गेल्यावरच कळलं.

आखाजी जवळ आली. खानदेशात लेकीबाळींचा सण तो. झाडांना झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सासरहून आलेल्या बायांची गाणी. दर वर्षी पुनाभाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जायचे. त्या वर्षी तिचाच निरोप आला, साक्रीच्या बाजारात भेटलेल्या माणसाबरोबर: औंदा मुऱ्हाळी धाडू नको.  तिसऱ्या दिवशी पुनाभाऊ म्हणाले, मी जातो. मी म्हटलं, मीही येते. तुम्ही तोंड उघडणार नाही, मी तिला सगळं सांगते. त्यांनी माझंही एस. टी.चं तिकीट काढलं.

एस. टी. साक्री सोडून पुढं डोंगराकडं लागली. उतरून अर्धा कोस चालावं लागलं. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. गावाच्या तोंडाशीच हापसा, आणि त्याच्या पलीकडे ताईबाईचं घर. सकाळची वेळ टळली होती तरी पाण्याला बायांची रांग होती. आम्हाला बघून हापसा थांबला. कुणी या म्हटलं नाही. ताईबाई ओट्यावर उभी होती. मागे दारात तिची सून, ओली बाळंतीण, रिकाम्या हातांनी बसलेली. तिला बघून पुनाभाऊंची पावलं जागच्या जागी थांबली. 

ताईबाई पायरी उतरून पुढं आली. तिनं विचारलं, आणि तो बहिरा म्हणून ओरडूनच विचारलं. सगळ्या रांगेनं ऐकलं.

"भाऊ, खरं सांग. रॉड मोजामा तू चुकना व्हता का?"

मी पुढं झाले. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, लाभ, तो नियम, साहेबांची सही, सगळं. पुनाभाऊंनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. मला तेव्हा कळलं. आपण खरं बोललो तर आज संध्याकाळी हीच रांग मोर्चा होऊन देवपुरात येईल. चौकशी लागेल, नवी यादी खोट्या कागदावर उभी आहे हे बाहेर पडेल, आणि हा हापसा पुन्हा अडकेल. त्यांनी हे सगळं एस. टी.त बसूनच ताडलं असणार. मी कसली शहाणी!

"हां, ताईबाई," ते म्हणाले. "चुकनू."

रांगेतली एक म्हातारी थुंकली. ताईबाई भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. आपला भाऊ रॉड चुकत नाही हे तिला त्या जागी माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी तिला पुढे कधी विचारलंही नाही. तिनं रांगेकडे पाठ केली.

"पानी कथाईन भी लयता येस, भाऊ," ती म्हणाली. "भाऊ कथाईन लयू?"

पाणी कुठूनही आणता येतं, भाऊ कुठून आणू, असं म्हणून तिनं ओट्यावरचा भरलेला हंडा उचलून त्यांच्या पायांवर पाणी घातलं. घोटभर नाही, अर्धा हंडा. त्या उन्हाळ्यात, त्या गावात. मग त्यांचा हात धरून सुनेच्या शेजारी नेऊन बसवलं.

पुनाभाऊ त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून रडले. मी चुकलो, पोरी, मी चुकलो, म्हणत राहिले. मी ओट्याच्या कडेला उभी होते आणि माझे ओठ आवळून धरले होते. न केलेल्या चुकीची माफी माणूस अशी मागतो, आणि समोरचा ती देतो, आणि त्यात दोघांचंही खोटं काही नसतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. बाहेर थोड्या वेळानं हापसा परत चालू झाला.